सापळ्याच्या पिशवीची गाठ

मी घाबरले की भांडते. माझ्या शाळेतल्या पोरांना हे माहीत आहे, नवऱ्याला माहीत आहे, आणि माझ्या धाकट्या भावाला तर तो चड्डी सावरत माझ्यामागे फिरायचा तेव्हापासून माहीत आहे. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत फोनवर मी त्याला जितकं तोडून बोलले, त्यावरून मला किती भीती वाटत होती हे त्याला पुरतं कळलं असणार. तो फक्त हं हं करायचा. मी लातूरपलीकडच्या मुरुडच्या शाळेत शिकवते. माहेर लोह्याहून कंधारच्या रस्त्याला लागलं की आत वळून जावं लागतं तिथे. मधे सगळा लातूर जिल्हा आहे, आणि एवढ्या लांबून माणूस भांडण्याखेरीज दुसरं काय करणार?

भीती कशाची, ते आधी सांगते. दोन वर्षांमागे ऐन ऑक्टोबरच्या उन्हात भाऊ कापसाला फवारत होता. कापूस डोक्याच्या वर गेलेला, वारा पडलेला. अळी आटोक्यात येईना म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात, विष कुणी म्हणत नाही. नाकाला रुमाल होता, तोही घामाने ओला झालेला. भावजय भाकरी घेऊन गेली तर हा बांधावर बसलेला, तोंडातून लाळ गळत होती, आणि तिच्याकडे बघून त्याने विचारलं, कोण हाय? शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला आधी लोह्याला आणि मग नांदेडला नेलं. मी मुरुडहून पोचले तेव्हा माय त्याच्या पायथ्याशी बसून त्याचा अंगठा धरून होती. दुसरीकडे नळ्याच होत्या, धरायला जागा नव्हती. तो वाचला. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असं औषध अंगात गेलं तर मी काही सांगू शकत नाही. हे वाक्य मी मायला सांगितलं. ते सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गंमत बघा, बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणीच बंद होणार होती. आणि काही वर्षं खरंच झाली. अळीने पान-बोंड खाल्लं की ती मरायची, कारण झाडातच तिच्यासाठी विष होतं. आमचा जुना पितळी पंप गोठ्यात पडून राहिला आणि कोंबडीने त्याच्या आडोशाला अंडी घातली. वडील तेव्हा होते. बियाण्याच्या पाकिटात साध्या कापसाची एक छोटी पुडी यायची, ती कडेने पेरा असं लिहिलेलं असायचं. वडील ती पुडी बांधापलीकडे भिरकावून द्यायचे. ते एकटेच नव्हेत, सगळं गाव तेच करायचं. चांगल्या बियाण्याच्या कडेला हलकं बी कोण पेरणार? पुढे कृषी सहायक बाईंनी मला त्यातलं इंगित समजावलं. कडेच्या साध्या कापसावर काही भोळ्या अळ्या जगू द्यायच्या होत्या, म्हणजे विष पचवणाऱ्या एखाद्या दांडग्या अळीचं लग्न या भोळ्यांशी लागलं असतं आणि पिल्लं पुन्हा मरणारी निघाली असती. आम्ही भोळ्यांना थारा दिला नाही. मग दांडग्यांची दांडग्यांशीच सोयरीक होत गेली. आता गुलाबी बोंडअळी बीटीचं बोंड चवीने खाते, आणि तेही आत बसून. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक दिसतं. आत ती सरकी पोखरत असते आणि वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ते पोचतं फवारणाऱ्यापर्यंत.

कापूस सोड म्हणून मी भावाशी भांडले. तो म्हणाला, सोयाबीन हरणं ठेवत नाहीत, तुरीवर डुकरं येतात, तू एक दिवस राखण करून बघ. मग फवारायला माणूस लाव म्हणून भांडले. त्यावर तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "माझ्या वावरातलं इख दुसऱ्याच्या लेकराच्या छातीत घालू व्हय?" असं म्हणाला आणि ताटावरून उठला. त्याचं चुकत असतं तर मी सोडलं नसतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मायची पळाट्यांची रास स्वयंपाकघरामागे पत्र्याला टेकली होती. पळाट्या म्हणजे वेचणी संपल्यावर उपटलेली कापसाची वाळकी झाडं. आमच्याकडे बाईचा संसार या राशीवरून जोखतात. माझ्या लग्नाआधी मुरुडची पाहुणी मंडळी आली तेव्हा त्यातल्या एका म्हातारीने माझ्याकडे नंतर बघितलं, आधी मागे जाऊन मायची रास बघितली आणि मान डोलावली. सिलेंडर आला तरी माय भाकरी चुलीवरच करते, आणि भाकरी थापत नसली तरी तिने रास सोडली नसती. ती रास म्हणजे तिचा दागिना होता. मी मात्र त्या वर्षी राशीपाशीच थांबले, कारण काड्यांना न उमललेली काळी बोंडं तशीच लटकत होती आणि त्यांच्या आत काय असतं ते मला एव्हाना माहीत झालं होतं.

मी तिला म्हणाले, माय, हे जाळ. ती हसली. वाळल्या काडीत जीव राहातो का, म्हणाली. मग मी एक काळं बोंड तोडलं आणि तिच्या पुढ्यात फोडलं. पहिल्यात काही नव्हतं, दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात दोन सरक्या एकमेकींना शिवल्यासारख्या चिकटलेल्या होत्या. त्या नखाने उकलल्या तर आत ती पडलेली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, वाळून गुलाबी पडलेली. माय डावखुरी आहे. तिने डावा तळहात पुढे केला, मी अळी त्यावर ठेवली. मेलीय की, असं ती म्हणत होती, तोवर हाताची ऊब लागून अळीने डोकं हलवलं. हळूच, झोपेतून उठल्यासारखं. मायने हात झटकला नाही. ती बघत राहिली. मग तिने विचारलं, "हीच का, जिच्यापायी माझं लेकरू नांदेडला पडलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रास वावरात ओढून नेऊन पेटवली. बायका बघायला आल्या. काही म्हणाल्या, म्हातारीला उन्हाळा बाधला. मी मास्तरीणपणा करत गल्लीतल्या घराघरात गेले, काळं बोंड फोडून दाखवलं. सगळ्यांनी चहा पाजला. एकीने विचारलं, मग चुलीत काय तुमची पुस्तकं घालू का बाई? आम्ही दोघी हसलो. परत येताना मी प्रत्येक घराच्या भिंतीला टेकलेली एकेक रास बघत आले. आमची एक रास जळली होती. बाकी गावभर अळी तशीच निजलेली होती, पहिल्या ओलीची वाट बघत. अळीचा पतंग झाला की त्याला काय, बांध आणि गल्ली सारखीच.

जूनमध्ये मी लातूरहून एक कामगंध सापळा घेऊन गेले. पिवळं टोपण, त्याखाली नरसाळं आणि नरसाळ्याला लांब प्लास्टिकची पिशवी. टोपणात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाने नर पतंग येतात आणि पिशवीत पडतात. पिशवीच्या खालच्या तोंडाला गाठ मारायची, मोजायचं असलं की सोडायची. मी भावाकडून कबूल करून घेतलं की पिशवीत पतंग दिसल्याखेरीज पंपाला हात लावायचा नाही. तो म्हणाला, आणि दिसले मग? मी म्हणाले, मग बघू. मनातून मला वाटत होतं की निदान तोवर तरी तो उगाच फवारणार नाही. त्याने मायसमोर मान हलवली आणि सापळा वावराच्या मधोमध काठीला बांधला.

पोळ्याला मी गेले. कापसाला फुलं यायला लागली होती. तोवर भाऊ रोज फोनवर सांगत होता की पिशवी मोकळी आहे, एकही पतंग नाही, तुझ्या पळाट्या जाळण्याचा गुण आला. मी शाळेत सगळ्यांना हे सांगून बसले होते. पोळ्याच्या सकाळी भाऊ बैल धुवायला ओढ्यावर गेला. माय घरात दिसेना म्हणून मी वावराकडे निघाले. ती सापळ्यापाशी उभी होती. तिने पिशवीची गाठ सोडली, पिशवी पदरात उलटी केली आणि पदर जमिनीवर झटकून वरून टाच फिरवली. मग पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं. नंतर ती ओळीत शिरली आणि डोमकळ्या खुडू लागली. अळी लागलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या आतून धाग्याने बांधल्यासारख्या मिटून राहतात, गुलाबाच्या कळीसारख्या. त्याला आम्ही डोमकळी म्हणतो. तिच्या लुगड्याचा खोचलेला ओटा कळ्यांनी भरला होता.

मी हाक मारल्यावर ती दचकली, आणि मग माझ्यावरच डोळे वटारले. मला सगळं क्षणात कळलं. सापळा कधीच मोकळा नव्हता. ती रोज पोरगा उठायच्या आत येऊन तो मोकळा करत होती. मी म्हणाले, माय, अगं बोंडं भरली की अळ्या आत शिरतील, मग एकसुद्धा वेचता येणार नाही. तिने ओट्यातल्या कळ्या घट्ट धरल्या.

"कापूस गेला तर गेला," ती म्हणाली. "तू बोलशील तर तो पंप घेईल. तुला कोन पायजे ते सांग."

सापळा मीच आणलेला, खरं बघायला म्हणून आणलेला, आणि त्याच सापळ्याने आता खोटं बोलायचं होतं. घरी येताना मी पिशवीची गाठ बघून घेतली. मायची गाठ ओळखू येते. ती डाव्या हाताने मारते, फास उलटा पडतो. लहानपणी तिने बांधलेली परकराची नाडी आम्हाला कुणाला सुटायची नाही आणि शाळेत मोठी पंचाईत व्हायची. त्या दिवशी बैलांना पुरणपोळी चारताना भाऊ म्हणाला, औंदा कापूस लई साजरा हाय. भावजयीने होकार भरला. मायने आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. संध्याकाळी फोन लावायचा आणि त्याच्या बोलण्याकडे नाही, श्वासाकडे लक्ष द्यायचं. जरा खोकला की विचारायचं, आज काय केलंस? तो म्हणायचा, वखरलं. खोटं बोलतोस, मी म्हणायची. वर्गात पोरं पाढे म्हणत असली तरी माझं लक्ष खिशातल्या फोनकडे असायचं. एकदा बाजारात कीटकनाशकाच्या दुकानावरून जाताना तो वास आला आणि मला नांदेडच्या दवाखान्यातला त्याचा बनियन आठवला, माझ्या हाताने पिशवीत भरलेला. मी रस्त्यात उभी राहिले. मला माझ्या भावाच्या मरणाची भीती वाटत होती, आणि ती भीती दोन्हीकडून होती. बोलावं तर तो फवारणार, आणि न बोलावं तर एक ना एक दिवस त्याचं त्यालाच दिसणार आणि उशीर झाला म्हणून तो दुप्पट औषध कालवणार.

दिवाळीच्या थोडं आधी भावजयीचा फोन आला की माय तापाने फणफणलीय, अंथरुणावरून उठत नाही. मी रजा टाकून गेले. मायचं अंग भाजत होतं. डोळे उघडून तिने पहिला शब्द काढला तो सापळ्याबद्दल. ताप आल्यापासून ती वावरात गेली नव्हती. म्हणजे पिशवी आता भरून लटकत असणार. माझी चप्पलसुद्धा नीट पायात गेली नाही. भाऊ लोह्याला बँकेत गेलाय असं भावजय म्हणाली होती, तेव्हा तो यायच्या आत पोचायचं होतं. मी सापळ्यापाशी गेले आणि बघते तर पिशवी मोकळी. स्वच्छ पुसलेली. खाली गाठ, आणि गाठ मायची, उलट्या फासाची.

मला राग आला. एवढ्या तापात ही बाई इथवर आली! तणतणत घरी जाऊन मी तिच्यावर ओरडले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी न्हाई गेले गं, म्हणाली. भावजयीनेही सांगितलं की आत्या मोरीपर्यंतसुद्धा माझा हात धरून जातात. मग मायचा चेहरा पडला. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मंग त्यानं बघितलं."

मी गोठ्यात गेले. खुंटीवर पंप नव्हता.

वावरापर्यंतची वाट मी कशी धावले ते आठवत नाही. मी मोठमोठ्याने त्याला शिव्या देत होते, ज्या मी वर्गात कुणाला देऊ देत नाही. कापसातून वास येत होता. तोच. मी ओळीओळीत वाकून बघत गेले, तो उभा दिसतोय का ते नव्हे, पडलेला दिसतोय का ते बघत. तो विहिरीजवळच्या बांधावर बसला होता. पंप पाठीला होता, पट्टे खांद्यावर, कालवलेलं औषध भरलेलं. नळी हातात होती, पण ती चालू नव्हती. झाडं कोरडी होती. त्याचे हात थरथरत होते आणि माझ्या मनात आलं, संपलं, अंगात गेलं. मी त्याचे डोळे बघितले, पापण्या उलट्या करून. तो म्हणाला, अजून मारलं न्हाई.

मी पट्टे सोडले आणि पंप खाली ठेवला. थोडं औषध माझ्या हातावर सांडलं. बाजूला त्याने फोडलेल्या हिरव्या बोंडांचा ढीग पडला होता, सगळी आतून पोखरलेली. बँकेत तो गेलाच नव्हता. मी त्याच्याशेजारी बसले. त्या दिवशी मला भांडता आलं नाही, हे मला आजही नवल वाटतं.

त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पिशवीची गाठ त्याने मारलेली नव्हती, मग कुणाची आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. माय तापाने पडल्यावर तो स्वतः सापळा मोकळा करत होता आणि तिच्यासारखी उलटी गाठ मारत होता. पतंग भरलेले दिसले असते तर गावातलं कुणीही विचारलं असतं, फवारत का न्हाईस? तसं कुणी विचारू नये, एवढीच त्याची धडपड होती. ती गाठ तुला कशी जमली, मी विचारलं. "माझ्या चड्डीची नाडी तीच बांधायची की," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं जरासे हसलो.

मग आजच कशाला पंप घेतलास, मी विचारलं. बोंडं फोडली, म्हणाला, आणि लाज वाटली. म्हातारी माणसं कळ्या खुडून राहिलीत आणि मी बांधावर बसून राहिलो. पंप भरला, पाठीवर घेतला, आणि हात हालेना.

"मला भेव वाटतंय, आक्का," तो म्हणाला. "नांदेडहून आल्यापासून लई भेव वाटतंय. मायनं पिशवी झाडली की मला बरं वाटायचं."

माझा हा भाऊ बैलाने शिंग मारलं तरी हूं की चूं न करणारा. मी त्याचा हात धरला. त्याने एवढंच मागितलं की मायला यातलं काही कळू देऊ नको, तिला वाटू दे की आपण काहीच बघितलं नाही. कापूस असेल तेवढा वेचू आणि दिवाळी झाली की फरदड न ठेवता झाडं उपटून जाळू, असं आमचं ठरलं. फरदड म्हणजे पुढच्या फुटव्यासाठी हिवाळाभर उभा ठेवलेला कापूस. शेजारच्या वावरात तो उभा राहणार होता, हे आम्हा दोघांनाही समोर दिसत होतं, आणि गावात भिंतींना टेकलेल्या राशीही पुन्हा उभ्या राहणार होत्या.

मी घरी आले तेव्हा माय भिंतीला धरून दारात उभी होती. तिला उठता येत नव्हतं, तरी उभी होती. बघितलं का त्यानं, तिने विचारलं. मी म्हणाले, न्हाई माय, पंप शेजाऱ्यांनी नेलाय, त्याला काहीच माहीत न्हाई. तिला आत नेण्यासाठी मी तिचा हात खांद्यावर घेतला. तिने माझा दुसरा हात धरला, नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. तिच्या तापलेल्या श्वासाची धग माझ्या बोटांना लागत होती. मग तिने हात सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी हात धू. साबनानं धू. आन त्यालाबी धुवायला सांग."